नमुन्याची वही

(वर्धापनदिनाच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला आज बोलण्याचा आग्रह केला तेव्हा विषय दिला होता ‘कला आणि गृहिणी’. हा विषय इतका मोठा आहे की त्यावर काहीही बोलले तरी चालते, आणि काहीही चालते म्हटले की बोलणाऱ्याचे भान सुटते. मी तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. मुलांना ‘हवे ते काढा’ असे सांगितले की निम्मा वर्ग दोन डोंगर काढतो, मध्ये उगवता सूर्य, खाली झोपडी, आणि आकाशात चार म्हणजे चारच पक्षी! तशी माझी गत होऊ नये म्हणून मी चिटणीसबाईंच्या परवानगीने विषय लहान करून घेतला आहे. आपण हातांनी जे करतो ते एकमेकींना दाखवावे की नाही, आणि दाखवायचे तर कसे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

हा विषय मला का सुचला हे आपल्यापैकी पुष्कळ जणींना ठाऊक आहे. गेल्या दिवाळीच्या विक्रीत हस्तकला विभागाच्या टेबलावर दोन पिशव्या आल्या. दोन्ही खणाच्या, दोन्हींवर पुढच्या बाजूला भरलेले कमळ, आणि कमळे अशी की एक झाकावे नि दुसरे दाखवावे. कोणी कोणाची पाहून केली याची चर्चा फराळापेक्षा जास्त दिवस पुरली. मी नावे घेत नाही. दोघीही समोर बसल्या आहेत. बऱ्याच लांब लांब बसल्या आहेत. पण तेव्हापासून मी पाहते आहे, मंगळवारच्या वर्गात कोणी जवळ आले की हातातल्या कामावर पदर येतो. एका भगिनीने तर आपल्या कप्प्याला घरून कुलूप आणले. ते पाहून मला प्रथम हसू आले आणि मग वाईट वाटले, कारण तसले कुलूप मीही एकदा लावले होते.

ही गोष्ट १९७९ सालची. माझे लग्न होऊन दोन वर्षे झाली होती, घरात पैशाची ओढ होती, आणि शाळेतली नोकरी अजून लागायची होती. मी उशांचे अभ्रे भरून विकायचे ठरवले. आमच्या गावच्या वाड्याच्या चौकटीवर एक कोरीव वेल होती, ती डोळ्यांपुढे ठेवून मी एक नमुना बसवला. पाने साखळी टाक्याची, फुलांचे पोट गाठीच्या टाक्याचे, आणि कोपऱ्यात वेल वळते तिथे बसलेला एक राघू. ज्यांनी वेल भरली आहे त्यांना कोपऱ्याची अडचण सांगायला नको. सरळ पट्टीत वेल कोणीही काढील. पण काटकोनात ती तुटता कामा नये, आणि ओढूनताणून वळवल्यासारखीही दिसता कामा नये. त्या एका कोपऱ्यावर माझे पंधरा दिवस गेले. वळण काही मनासारखे साधेना, तेव्हा तेथे मी तो राघू बसवला. खरे सांगायचे तर तो राघू म्हणजे माझ्या अडचणीवर घातलेले पांघरूणच होते.

सहा अभ्रे घेऊन मी शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेले. मालकांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिले, एक जोडी नमुन्यादाखल ठेवून घेतली आणि ‘कळवतो’ म्हणाले. कळवले काही नाही. पुढच्या पाडव्याला त्या दुकानावरून जाताना काचेच्या कपाटात मला यंत्रावर भरलेले अभ्रे दिसले, आणि त्यांच्या कोपऱ्यात माझा राघू बसलेला होता. हिरव्याचा निळा झाला होता, एवढाच काय तो बदल. मी आत गेले नाही. जाऊन काय म्हणणार होते? घरी आले, नमुन्यांचे सगळे कागद ट्रंकेत टाकले, आणि त्यानंतर अकरा वर्षे माझे काम मी कोणालाही दाखवले नाही. पाहुण्या आल्या की चौकट उलटी करून ठेवीत असे.

त्या अकरा वर्षांत मी पुष्कळ भरतकाम केले. आज ते काढून पाहते तेव्हा तीच वेल, तेच पान, तोच राघू. हात सफाईदार झाला, पण पान होते तेवढेच जड राहिले. ते जड आहे हे मला सांगणारे कोणी नव्हते, आणि सांगायला मी कोणाला येऊच दिले नव्हते.

माझ्या आत्याबाईंची गोष्ट मात्र याहून दुःखाची आहे. त्यांचा क्रोशाचा हात आमच्या सगळ्या नातलगांत नावाजलेला. त्यांनी विणलेले एक तोरण आहे: जाळीच्या पट्टीत समोरासमोर दोन मोर, अंग भरीव, आणि पिसाऱ्यावरचे डोळे जाळीतून चक्क वर उचललेले. लग्नकार्यात ते तोरण रुखवतावर लागे आणि बायका त्याखाली उभ्या राहून माना वर करून पाहत. कोणी नमुना विचारला की आत्याबाई म्हणत, “सांगेन हो सवडीने.” ती सवड काही त्यांना मिळाली नाही. १९९० साली त्या गेल्या आणि तोरण माझ्याकडे आले. मी भिंग घेऊन बसले. साखळ्या मोजल्या, खांब मोजले. जाळी सुटली, मोराचे अंग सुटले. पिसाऱ्याचा डोळा कसा उचलला ते मात्र मला आजतागायत कळलेले नाही. एक डोळा उसवून पाहिला तर कदाचित कळेल. पण तोरण एकच आहे, कात्री हातात घेते आणि खाली ठेवते.

माझा नमुना दिला म्हणून गेला, आणि आत्याबाईंचा दिला नाही म्हणून गेला! मग शहाण्या बाईने करावे तरी काय? हा प्रश्न मनात घोळत असला की मला नेहमी मिथिलेतल्या बायकांची आठवण होते. आपण त्यांना मधुबनी चित्रांवरून ओळखतो. चहाच्या ट्रेवर, ओढणीवर, लग्नपत्रिकेवर ती चित्रे आता सगळीकडे असतात. ती कोणी काढली हे मात्र आपण क्वचित विचारतो, म्हणून त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने सांगते.

बिहारच्या उत्तरेस, नेपाळच्या सीमेलगत हा मिथिला प्रांत. तिथे लग्नाच्या वेळी नवरानवरीसाठी एक खोली सजवतात, तिला ‘कोहबर घर’ म्हणतात. तिच्या भिंतीवर कमळाची वेल, बांबू, मासे, कासव, पोपट असे सगळे भरगच्च काढलेले असते. घरातल्या आणि शेजारच्या बायका मिळून हे काम करतात. जिचा हात तयार ती बाहेरची रेघ ओढते. बाकीच्या रंग भरतात. लहान मुली आधी रंग कालवून देतात, मग एखादे पान भरतात, आणि कित्येक लग्ने पार पडली की त्यांतलीच एखादी रेघ ओढणारी होते. म्हणजे काम आणि शाळा एकाच भिंतीवर चालते. तेथे अपुरे काम झाकून ठेवायचे म्हटले तरी भिंतीवर पदर कसा घालणार?

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. या बायका कागदाच्या तुकड्यांवरही ही चित्रे काढून जपून ठेवीत, म्हणजे पुढच्या लग्नात नमुन्याची आठवण राहावी. लग्नविधीतला सिंदूर बांधून द्यायच्या कागदावरही चित्र असे. मुलगी सासरी गेली की माहेरचा नमुना तिच्याबरोबर दुसऱ्या गावच्या भिंतीवर जाई. आपल्याकडे रांगोळीची वही जशी लेकीच्या पेटीतून जाते, तसेच हे.

बाहेरच्या जगाला या भिंती दिसल्या त्या एका आपत्तीमुळे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. घरे पडली, आणि पडक्या घरांची पाहणी करायला गेलेल्या विल्यम आर्चर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला आतल्या खोल्यांच्या उघड्या पडलेल्या भिंतींवर ही चित्रे दिसली. मुंबईहून निघणाऱ्या ‘मार्ग’ या नियतकालिकात त्याने १९४९ साली त्यांवर लेख लिहिला. तरी चित्रे भिंतीवरच राहिली. पुढे १९६६-६७ मध्ये बिहारात भीषण दुष्काळ पडला. बायकांच्या हाताला काही काम मिळावे म्हणून अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी तिकडे एका चित्रकाराला पाठवले, आणि येथे आपण मराठी माणसांनी कान टवकारायला हरकत नाही: ते चित्रकार म्हणजे मुंबईचे भास्कर कुलकर्णी. जितवारपूर, रांटी अशा गावांतून ते घरोघर गेले, बायकांना कागद दिले आणि भिंतीवरचे कागदावर काढा म्हणाले. परक्या पुरुषाने दारात येऊन कागद पुढे करणे हे त्या घरांना किती अवघड गेले असेल याची कल्पना आपण करू शकतो.

भिंतीवर सही नसते. कागदावर ती आली. त्या सह्यांमुळे आपल्याला जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी, महासुंदरी देवी ही नावे कळली. जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली, सीता देवींना १९८१ साली, गंगा देवींना १९८४ साली. यांतल्या गंगा देवींविषयी दोन शब्द अधिक बोलल्यावाचून मला राहवत नाही. संसारात त्यांच्या वाट्याला फार सोसणे आले. नवऱ्याने दुसरी बायको केली. त्यांची रेघ केसासारखी बारीक. त्या अमेरिकेला जाऊन आल्या आणि तिथला वॉशिंग्टनचा स्तंभ आणि जत्रेतली रुळांवरून भिरभिरणारी गाडी त्यांनी त्याच कोहबरच्या रेघेने कागदावर उतरवली. पुढे कर्करोग झाला, तेव्हा दवाखान्यातली खाट, सलाइनची बाटली हेही त्या रेघेत आले. दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात त्यांनी एक संपूर्ण कोहबर घर रंगवले होते. १९९१ साली त्या गेल्या. २०१५ साली बातमी आली की संग्रहालयाच्या नूतनीकरणात त्या भिंती पुसल्या गेल्या! माझ्या दुकानदाराने निदान राघू ठेवला तरी होता.

पण सगळेच गोड चित्र रंगवणे खरे होणार नाही. या नमुन्यांची देवघेव चाले ती मुख्यतः ब्राह्मण आणि कायस्थ घरांतून. दुसाध समाजाच्या बायका त्या भिंतींपासून दूर होत्या. १९७० नंतर त्यांनीही चित्रे काढायला घेतली, तेव्हा त्यांनी कोहबरची कमळे घेतली नाहीत. आपल्या अंगावरचे गोंदण घेतले. चानो देवींसारख्या बायकांनी गोंदणातल्या बारीक आकृत्या ओळींनी आणि गोल फेऱ्यांनी कागदावर मांडल्या, आणि एक नवीनच रीत उभी राहिली. ज्यांना कोणी नमुना दिला नाही त्यांनी स्वतःच्या कातडीवरून तो उतरवला. आपल्या मंडळात कोणाला आपण अजून वहीपर्यंत येऊ दिलेले नाही, हा प्रश्न मी आज विचारणार नव्हते. पण आता बोलून गेले आहे तर राहू द्या. आपल्या घरी धुण्याभांड्यांना येणाऱ्या बायकांपैकी किती जणी वाकळ शिवतात आणि त्यांतल्या किती जणी या सभागृहात आहेत?

हे विचारण्याचे धाडस मला झाले ते दुलारी देवींमुळे. त्या रांटी गावच्या, मासेमारी करणाऱ्या मल्लाह समाजातल्या. महासुंदरी देवी आणि त्यांच्या नात्यातल्या कर्पूरी देवी यांच्या घरी त्या झाडलोट, भांडी करीत. काम करता करता चित्रे पाहत, आणि पाहून पाहून स्वतः काढू लागल्या. त्या दोघींनी हे पाहिले तेव्हा ‘तू आपले केर काढ’ असे म्हटले नाही. जवळ बसवून शिकवले. दुलारी देवींनी पुढे आपल्या कोळ्यांचे, शेतावरच्या बायकांचे जीवन त्या रेघांत आणले. चेन्नईच्या एका प्रकाशनाने त्यांच्या चित्रांतून त्यांची जीवनकथा पुस्तकरूपाने काढली. महासुंदरी देवींना पद्मश्री मिळाली २०११ साली, आणि त्यांच्या घरी भांडी घासणाऱ्या दुलारी देवींना २०२१ साली. १ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी अंदाजपत्रक मांडले तेव्हा त्यांच्या अंगावर जी पांढरी, मधुबनी चित्रांच्या काठाची साडी होती, ती दुलारी देवींनी दिलेली. साडी आपण सगळ्यांनी दूरदर्शनवर पाहिली असेल. अंदाजपत्रक किती जणींनी ऐकले ते मी विचारत नाही.

सांगायची गोष्ट ही की, दुलारी देवी जिथे जातात तिथे आपण कोणाच्या घरी शिकलो हे सांगतात. त्यामुळे महासुंदरी देवींचे काही कमी झाले आहे का?

आता आपल्या घरच्या उदाहरणाकडे येते, आणि ते इतके सरळ नाही. डहाणू, तलासरी, जव्हार या भागातल्या वारली घरांत लग्नाचा चौक लिहिण्याचे काम सवाशिणींचे. शेणाने सारवून गेरू दिलेली भिंत, तांदळाच्या पिठाचे पांढरे पाणी आणि बांबूची चावून मऊ केलेली काडी, एवढ्यावर ते काम होते. त्याच भास्कर कुलकर्ण्यांना पुढे डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावी जिव्या सोमा मशे भेटले. लग्नाचा चौक सोडून शेती, मासेमारी, तारपा नाच असे रोजचे जीवन मशे यांनी कागदावर काढले, ते फार मोठे कलावंत झाले, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. पण ज्या सवाशिणी पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहीत आल्या, त्यांतल्या एकीचे तरी नाव आपल्यापैकी कोणी सांगू शकेल का? मला तरी येत नाही, आणि मी चित्रकलेची शिक्षिका होते. वर्गात वारली चित्र शिकवताना मी फळ्यावर दोन त्रिकोण जोडून माणूस काढून दाखवत असे. बायकांचा उल्लेखही कधी केला नाही. ती चूक माझी आहे.

वारली चित्रकलेला २०१४ साली ‘भौगोलिक निर्देशन’ मिळाले. म्हणजे वारली हे नाव लावून माल विकायचा तर तो त्या समाजाचा, त्या भागातला हवा. हे चांगलेच झाले. परंतु ते संरक्षण साऱ्या समाजाच्या नावाला आहे. अमुक एका बाईच्या रेघेला नाही.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर तोही थोडक्यात उरकते, कारण आपल्यातल्या काही भगिनी आता घरी करून विकतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे आपण स्वतः काढलेल्या चित्रावर आपला हक्क हयातीत आणि पुढे साठ वर्षे असतो, आणि चित्र विकले तरी ते माझे आहे असे म्हणण्याचा हक्क आपल्यापाशीच राहतो. मात्र तोच नमुना वस्तूवर घेऊन आपण किंवा आपल्या परवानगीने दुसऱ्या कोणी यंत्रावर पन्नासांहून अधिक वस्तू काढल्या, आणि तो २००० सालच्या डिझाइन कायद्याखाली नोंदवलेला नसला, तर कॉपीराइट संपतो. नोंदवायचा तर लोकांपुढे मांडण्याआधी नोंदवावा लागतो. मिळणारे संरक्षण दहा वर्षांचे, ते आणखी पाच वर्षे वाढते. जिचा व्यवसाय मोठा आहे तिने वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा. पण दोन पिशव्यांसाठी कोणी कचेरीत जाणार नाही, आणि आजीच्या काठावरचे कमळ नोंदवायला गेलो तर ते नवे नाही म्हणून परत येईल. आपल्या बहुतेक नमुन्यांना कायद्याचे कुंपण नाही. एकमेकींच्या शब्दाचेच काय ते आहे.

माझी ट्रंक कशी उघडली ते सांगायचे राहिले. आत्याबाईंचे तोरण घरी आले, त्याच महिन्यात मी ती उघडली. त्या तोरणापुढे भिंग घेऊन बसल्यावर माझे मलाच कळले की आणखी तीस वर्षांनी माझ्या लेकीवर हीच पाळी येणार आहे. दुसऱ्या दिवशी नमुने पिशवीत घालून शाळेत नेले आणि शिवणाच्या बाईंपुढे ठेवले. मला वाटले होते त्या ‘छान’ म्हणतील. आपल्याकडे ‘छान’ म्हणणे ही सभ्यता आहे. कोणी ओटीभर मोगरा दिला तरी छान आणि कोणी बिघडलेला लाडू दिला तरी छान. बाई बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग त्यांनी बोट ठेवले आणि म्हणाल्या, “पानाचा टाका निम्मा लहान करा. आणि हा राघू इथे का आहे?” मला राग आला. घरी जाऊन एक पान लहान टाक्याने भरले. वेल हलली! इतकी वर्षे ती कापडाला चिकटून होती.

पुढे दोन महिन्यांनी त्याच बाई लेकीच्या परकराचा तुकडा घेऊन आल्या. माझी वेल त्यांनी त्यावर घेतली होती, पण कोपऱ्यात ती बाहेरून वळवण्याऐवजी एक फांदी आत सोडून आतून वळवली होती. राघूची गरजच उरली नव्हती. माझी पंधरा दिवसांची अडचण चार टाक्यांत सुटलेली होती. “तुमचीच आहे,” म्हणाल्या, “थोडी पुढे नेली, पाहा.” दुकानदाराने माझा कोपरा घेतला होता आणि बाईंनीही घेतला होता. बाई परत आल्या.

म्हणून कार्यकारिणीच्या संमतीने मी एक वही आणली आहे. साधी, हिशेबाची, पुठ्ठ्याच्या बांधणीची. भरतकाम, क्रोशा, गोधडी, रांगोळी, कशाचाही नमुना तिच्यात चिकटवावा किंवा काढावा. शेजारी लिहावे, कोणी केला, तिने कोणाकडून घेतला, आणि घेतल्यावर काय बदलले. ‘सासूबाईंच्या पातळाच्या काठावरून’ असे लिहा. ‘मोबाइलवर पाहिले, कोणाचे ते ठाऊक नाही’ असे असेल तर तेही लिहा. लाज वाटायचे कारण नाही. अर्धवट काम जरूर लावा. पूर्ण झालेल्या कामावर बोलण्यासारखे फारसे उरत नाही, उसवायला कोणी तयार नसते. ज्या भगिनींची चूलच या कामावर पेटते त्यांना मात्र माझे वेगळे सांगणे आहे: त्यांनी आपला चालू हंगामाचा नमुना वहीत घालण्याची सक्ती कोणी करू नये. हंगाम संपल्यावर त्यांच्या मनाला आले तर घालतील. आणि वहीतला नमुना विक्रीच्या मालावर घ्यायचा झाला तर जिचा आहे तिला आधी विचारावे, आणि मालाला लावायच्या चिठ्ठीवर तिचेही नाव लिहावे. चिठ्ठ्या मी कापून आणल्या आहेत. मुलांच्या जुन्या ड्रॉइंग पेपरच्या आहेत, मागची चित्रे कृपया पाहू नयेत.

आता त्या दोन पिशव्या. गेल्या महिन्यात मी दोघींकडे स्वतंत्रपणे गेले आणि कमळ कोठून घेतले ते विचारले. एक म्हणाली, “आमच्या आईच्या पेटीत एक जुना कागद होता, त्यावरून.” दुसरी म्हणाली, “मोठ्या जाऊबाईंच्या रांगोळीच्या वहीतून.” दोघींचे डोळे सारखेच भरून आले होते, आणि दोघींवरही माझा विश्वास बसला. मग या स्मरणिकेच्या कामासाठी मंडळाच्या जुन्या स्मरणिकांचा गठ्ठा सोडला. वाळवीने काही खाल्ल्या आहेत. त्यांतल्या सर्वांत जुन्या अंकाच्या मुखपृष्ठावर तेच कमळ आहे. आठ पाकळ्या, मधली एक दुमडलेली, देठाला एकच पान. एकीच्या आई त्या वेळी मंडळाच्या सभासद होत्या, दुसरीच्या जाऊबाईही होत्या. दोघींनी ते मुखपृष्ठावरून उतरवले असणार. पिशव्या सारख्या झाल्या, कारण दोघी एकाच घरच्या निघाल्या.

मुखपृष्ठ कोणी काढले ते मात्र त्या अंकात छापलेले नाही. मी पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत दोनदा पाहिले. छापखान्याचे नाव आहे, कागद पुरवणाऱ्याचे आभार आहेत, फराळ करणाऱ्यांची यादी आहे. कमळ काढणारीचे नाव नाही.

वहीच्या पहिल्या पानावर मी ते कमळ उतरवून ठेवले आहे आणि शेजारची जागा कोरी सोडली आहे. तो अंक चहाच्या टेबलावर आहे. ज्येष्ठ भगिनींपैकी कोणाला तो हात ओळखू आला, किंवा त्या काळी मंडळात कोण चित्रे काढीत असे हे आठवले, तर आज जाण्यापूर्वी मला सांगावे. तूर्त पेन्सिलने लिहून ठेवू. आणखी कोणाकडून खात्री पटली की मग शाईने.